कोरडी केबिन

रात्रीच्या पावसाचा थेंब पुढच्या काचेच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, रबर आणि पत्रा भेटतात तिथे जमत होता. तो लगेच पडत नव्हता. आधी फुगायचा, मग रबराची खालची कड धरून सरकायचा आणि खांबाच्या आड दिसेनासा व्हायचा. बऱ्याच वेळाने पायांखालच्या मॅटवर ओल वाढायची. पण मॅटवर साचलेलं पाणी त्या थेंबाच्या मानाने फार जास्त होतं. म्हणजे बाकीचं दुसरीकडून येत होतं.

मी पिकअपच्या केबिनमध्ये पाय पोटाशी घेऊन बसले होते. बाहेर आई नळाची रबरी नळी धरून उभी होती. तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून नळी डाव्या हातात.

"गो अनू, वर धरू काय?"

"नको. चाकाच्या वर आहे तिथंच राहू दे. मी सांगेन तेव्हा चढव."

"ओंकार तर टपावरनं बादली उपडी करतो."

"म्हणून त्याला सगळीकडनं गळताना दिसतं."

आईने घराकडे एकदा पाहून घेतलं. माझा भाऊ अजून झोपला होता.

पिकअप आमच्या वडिलांची. ते गेल्यावर ओंकारकडे आली आणि पोलादपूरच्या पावसात वर्षानुवर्षं उघड्यावर उभी राहिली. दारांची रबरं चपटी झाली होती. काचांच्या खालच्या पट्ट्या उन्हाने तडकून उलट्या वळल्या होत्या. टपाच्या कडेला जी पन्हळ असते तिचा सांधा उकलला होता, आणि बाजूची काळी पट्टी ओंकारने तारेने बांधून ठेवली होती. दरवर्षी गणपतीच्या आधी तो याच गाडीतून पेणहून मूर्ती आणतो. मोठ्या मूर्ती मागे, पेंढ्यात, ताडपत्रीखाली. घरगुती शाडूच्या मूर्ती पुढे केबिनमध्ये, कारण तिथे पाऊस लागत नाही. निदान लागू नये.

या वर्षीच्या पहिल्याच खेपेला लागला. पोलादपूरच्या नाक्यावर कागद सोडला तेव्हा एका मूर्तीचा आशीर्वादाचा हात विरघळून मांडीवर बसला होता. भंगलेली मूर्ती कोण पुजणार? ज्याची होती तो गृहस्थ चारचौघांत म्हणाला, "ओंकारशेठ, देव आणलास की चिखल?" लोक हसले. ओंकारही हसला. मग तो घरी आला.

आईने विचारलं, जेवतोस काय. त्याने तिचे केस धरले, तिला पडवीतून अंगणात ओढत आणलं आणि गाडीच्या पायरीवर आपटलं. हात अंगाखाली आला आणि मोडला. मग त्याने तिची मान धरून तिचं तोंड मॅटवरच्या पाण्यात दाबलं. "हे बघ, हितं पाणी हाय. रोज गाडी पुसतेस, तुला दिसत नाय काय?" तिने पाय झाडायचं थांबवलं तेव्हा त्याने सोडलं.

हे मला आईने सांगितलं नाही. फोनवर ती म्हणाली होती, पायरीवरनं घसरले. मी बिरवाडीहून आले तेव्हा तिच्या मानेच्या एका बाजूला अंगठ्याएवढा निळा डाग होता आणि दुसऱ्या बाजूला बोटांचे. त्या डागांवर मी माझी बोटं ठेवून पाहिली, ती पुरली नाहीत. घसरलेल्या माणसाला असे डाग पडत नाहीत. उरलेलं शेजारच्या चंद्राकाकीने सांगितलं. ती भिकाजीकाकांची, म्हणजे माझ्या चुलत्यांची बायको. तिने ते कुडाच्या फटीतून पाहिलं होतं.

"मग आलात का नाही?"

"तुजे काका म्हणाले, मायलेकांचं हाय. आपण काय बोलायचं."

मी आईला म्हणाले, माझ्याबरोबर चल. बिरवाडीजवळच्या एका कारखान्यात मी रंगांचे आणि रेझिनचे नमुने तपासते. भाड्याची खोली आहे, दोघींना पुरेल.

"पोरगा जिता असताना पोरीच्या दारात जाऊ? लोक थुकतील त्याच्या तोंडावर."

मी लग्न केलेलं नाही, तरी तिच्या लेखी ते लेकीचंच घर. माझ्याकडे कधी आली तर पाण्याची बाटली घरून भरून आणते. माझ्या घागरीतलं पाणी तिने आजवर प्यायलेलं नाही.

"तू एवढं कर, गाडीचं गळणं बंद कर," ती म्हणाली. "गळायचं थांबलं की त्याचं पण थांबेल. त्याचा राग गाडीवरचा हाय."

"आणि नाही थांबला तर?"

"थांबेल."

"मी गाडी दुरुस्त करते. थेंब आत येणार नाही. त्यानंतर त्याने तुझ्यावर हात उचलला तर तू माझ्याबरोबर यायचं."

ती नळी उचलून नळाला लावायला गेली.

प्रयोगशाळेत आम्ही असंच करतो. ज्या कारणाचा संशय असेल ते एक काढून टाकायचं, बाकी सगळं होतं तसं ठेवायचं आणि बघायचं. इथे होतं तसं ठेवायचं ते आई होती. हे मला तेव्हाही कळत होतं.

पाणी शोधताना नळी खालून वर न्यायची असते. वरून ओतलं तर ते सगळ्या सांध्यांवरून वाहतं आणि दोष कुणाचा ते समजत नाही. मी आईची टाल्कम पावडर डॅशबोर्डच्या खाली पत्र्यावर भुरभुरली होती. पाणी जिथून शिरेल तिथे पावडरीत रेघ उमटते. चाकापाशी काही झालं नाही. दाराच्या खालच्या कडेला ओल आली, पण किरकोळ. मग आईने नळी वायपरच्या खालच्या जाळीवर आणली. थोडा वेळ काहीच नाही, आणि मग रेघ उमटलीच नाही. पावडरीचा सबंध पट्टा एकदम वाहून गेला.

मी बाहेर येऊन जाळी उघडली. तिच्याखाली एक पन्हळ असते. काचेवरचं पाणी तिच्यात पडतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून पुढच्या चाकामागे निघून जातं. ही पन्हळ काठोकाठ भरली होती. कुजलेली पानं तरंगत होती. भरलेलं पाणी हवेच्या झरोक्यातून सरळ केबिनमध्ये उतरत होतं. मी हात घालून चाचपलं. आमच्याकडे कौल असो, पत्रा असो, टाकी असो, गळतं त्याला डांबर फासतात. ओंकारने दोन्ही भोकांत डांबरात बुडवलेल्या चिंध्या ठासल्या होत्या आणि वरून सिलिकॉन भरलं होतं.

पहिली चिंधी पक्कडीत धरून ओढली तेव्हा तो मागेच येऊन उभा होता. काळं पाणी भसकन त्याच्या पायांवर आलं.

"काय उपटलंस ते?"

"पाणी बाहेर जायची वाट. तू बुजवली होतीस."

"तिथनं गळत होतं. चाकामागं बघ, सगळा पत्रा सडलाय."

"ते गळत नव्हतं, जात होतं."

"म्हंजे मी येडा."

"असं मी म्हणाले नाही."

"आई, ऐकलंस काय? ल्याबवाली बाय आलीय मला शिकवायला. हिला नवरा मिळाला नाय, आता गाडीखाली झोपते."

"नको रे तसं बोलू," आई म्हणाली, आणि लगेच दोन पावलं मागे सरली. तो तिच्याकडे वळलासुद्धा नव्हता.

दुपारी मी दारांची रबरं काढली. जुन्या रबराच्या पोटात पोलादी पट्टी असते, दातेरी. चौकटीच्या पत्र्याला ती चावून बसते. रबर झिजलं की ते दाते बाहेर येतात. माझा तळवा फाटला तेव्हा ते मला आठवलं. काढलेली रबरं मी पडवीच्या कडेला टाकली, चौकट थिनरने पुसली आणि महाडहून आणलेलं नवं रबर कोपऱ्यापासून दाबत बसवायला लागले. मी केबिनच्या आत होते आणि डाव्या हाताची बोटं चौकटीच्या वरच्या कडेवर होती.

ओंकार आला. त्याने दाराच्या मुठीवर हात ठेवला.

"थांब, अजून बसवते आहे."

"बसतंय काय बघू."

त्याने दार पूर्ण जोराने लावलं. माझी दोन बोटं आत राहिली. मी ओरडले की नाही ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की त्याने दार लगेच उघडलं नाही. काचेतून माझ्याकडे पाहत तो दाराला खांदा टेकवून उभा राहिला. मग उघडलं.

"रबर चांगलं हाय," तो म्हणाला. "घट्ट बसलं."

नखं काळी झाली होती आणि मधलं बोट वाकत नव्हतं. आईने हळद आणली, चिंधी बांधली.

"त्याला दिसलं नसेल गो."

"दिसलं, आई."

"नवीन रबर. दार घट्ट झालंय."

मी उरलेलं काम तसंच पुरं केलं. टपाच्या पन्हळीचा सांधा खरवडून पत्रा चकचकीत केला, प्रायमर लावला, तो वाळल्यावर सीलंटने भरला. काचेच्या कोपऱ्यात रबराची पाकळी लाकडी पाचरीने उचलली, आतली माती ब्रशने काढली, ओल फडक्याने टिपली. ओल्या किंवा तेलकट पत्र्याला सीलंट धरत नाही, वरून नुसता धरल्यासारखा दिसतो. काचांच्या पट्ट्या बदलल्या. बाजूच्या काळ्या पट्टीला रिव्हेट मारले आणि तार काढून टाकली. दुसऱ्या दिवशी पावडर पुन्हा भुरभुरली. आईने नळी चाकापासून टपापर्यंत नेली. पावडर कोरडी राहिली.

आईने स्वतः आत वाकून मॅटवर हात फिरवला. तळवा उलटा करून पाहिला.

"बघ," ती म्हणाली. तिचा आवाज हलका झाला होता. "आता त्याला कशाचा राग नाय."

ओंकार पेणला गेला. मी कारखान्यात फोन करून रजा वाढवली. तो दिवसभर आणि रात्रभर पाऊस असा लागला होता की समोरचा डोंगर दिसत नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी पिकअप अंगणात येऊन थांबली तेव्हा आई पडवीच्या खांबाला धरून उभी होती.

त्याने केबिनचं दार उघडलं आणि एकेक मूर्ती बाहेर काढून बाकावर ठेवली. कागद कोरडे होते. भिकाजीकाका आपली मूर्ती न्यायला पाट आणि रुमाल घेऊन आले होते. त्यांनी कागद सोडला, मूर्तीचे हात, सोंड, उंदीर सगळं बघितलं.

"वा रे ओंकार. केबिनमध्ये एक थेंब नाय."

"नाय ना. पूर्ण वाटभर ओतत होता. पण कोरडी ठाक."

"काम कुठं केलंस? महाडला?"

"छे. महाडवाले लुटतात. घरीच केलं. मीच बसलो."

आई चहा घेऊन येत होती, डाव्या हाताने, एकेक कप. ओंकार खूश होता आणि तिला बऱ्याच दिवसांत कुणी हसून बोललेलं ऐकू आलं नव्हतं. म्हणून असेल, ती म्हणाली, "अनूनं केलान सगळं, भावजी. बोटं चेचून घेतलीन, पण केलान."

काका माझ्या बोटांकडे बघून मोठ्याने हसले. "आसं हाय काय. म्हंजे भोकं बुजवायची ओंकारनं नि उघडायची अनूनं." भोकांची गोष्ट चंद्राकाकीने फटीतून ऐकली असणार.

ओंकारही हसला.

त्याने काकांची मूर्ती पाटावर ठेवून दिली, रुमाल नीट केला, त्यांना कुंपणापर्यंत पोचवलं. परत आला. चहा संपवला. कप खाली ठेवला आणि पडवीच्या कडेचं जुनं रबर उचलून दुहेरी केलं.

पहिला फटका चहाची किटली आत नेणाऱ्या आईच्या खांद्यावर बसला. तिने हातातली किटली सोडली नाही, म्हणून दुसरा तोंडावर बसला. पोलादी दाते कानात अडकले आणि त्याने ते हिसडले.

"तुला विचारलं होतं कुणी? विचारलं होतं?"

किटली पडली. ती खाली बसली आणि प्लास्टरचा हात डोक्यावर घेतला. तो प्लास्टरवर मारत राहिला. प्लास्टर तडकलं. ती ओरडत नव्हती, प्रत्येक फटक्याला तिच्या तोंडातून फक्त हवा बाहेर पडत होती. मी मध्ये गेले. त्याने मला पोटात लाथ घातली. मी पाठीवर पडले, गाडीच्या चाकाशी, आणि श्वास येईना. तिथून मला दिसलं, त्याने रबर टाकून दिलं होतं आणि तिचं डोकं दोन्ही हातांत धरून खांबावर आपटत होता. एकदा आपटलं. पुन्हा आपटायला मागे ओढलं.

चाक काढायची टामी सीटखाली असते. मी ती ओढून काढली. उठले. मारायचं कुठे ते मी ठरवलं होतं: कोपराच्या खाली, तिथे हाड वरच असतं. आवाज वाळलेली फांदी मोडल्यासारखा आला. त्याचे हात सुटले. तो माझ्याकडे वळला, दुसऱ्या हाताने त्याने माझा गळा धरला, आणि मी टामी त्याच्या गुडघ्यावर मारली. तो खाली गेला. मी ती पुन्हा उचलली. या वेळी कुठे ते मी ठरवलं नव्हतं. ती खाली आली नाही, कारण भिकाजीकाकांनी मागून माझं मनगट धरलं होतं.

"अगो, भाव हाय तुजा. सोड. सोड ती."

मी सोडली नाही. त्यांनी ती माझ्या हातातून पिळून काढली.

चंद्राकाकी कुंपणाशी उभी होती. ओंकार अंगणातल्या चिखलात पडला होता आणि वाकलेला हात छातीशी धरून रडत होता. लहानपणी रडायचा तसाच, खालचा ओठ बाहेर काढून. बाकावरच्या मूर्तींपैकी एकीलाही धक्का लागलेला नव्हता.

"काका, हिला पोलिसात द्या. खून करत होती माझा."

"गप रे तू." काकांनी टामी पडवीच्या मागे टाकली आणि परत येऊन आईसमोर उकिडवे बसले. "वैनी, माजं ऐका. दारात देव हायत. वर्षाचा सण हाय. दवाखान्यात न्यावं लागेल दोघांना, तिथं विचारतील. आत्ताच ठरवून टाकू. पोरगा मूर्ती उतरवताना पडला, तुम्ही त्याला धरायला गेलात, दोघांना लागलं. संपलं. अनू आजच्या आज बिरवाडीला जाते. घरातलं घरात."

"आणि आई?" मी विचारलं.

"आई आपल्या घरात. कुठं जाणार?"

"पुढच्या वेळी तिचं डोकं फुटेल, काका."

"तू बोलू नकोस. तू आता बोलायच्या लायकीची नाय ऱ्हायलीस. भावाचा हात मोडलास. तो पडला म्हणून वैनींनी सांगितलं नाय तर तूच आत जाशील, कळतंय काय? वैनी, तुमी सांगा. तुमच्या हातात हाय सगळं."

आई खांबाला टेकून बसली होती. कानाची पाळी फाटून लोंबत होती आणि रक्त मानेवरून प्लास्टरच्या भेगेत जात होतं. तिने ते पुसलं नाही. ती काकांकडे बघत नव्हती, माझ्याकडेही नाही. ती ओंकारकडे बघत होती. मग ती उठली. भिंत धरून, मग काहीच न धरता, ती चिखलातून त्याच्यापाशी गेली आणि त्याच्या डोक्याशी बसली. मला वाटलं, झालं.

"फार दुखतंय काय रे?"

"आई, सांग ना काकांना," तो म्हणाला. "सांग, हिनं मारलान म्हणून."

तिने त्याच्या कपाळावरचा चिखल पदराने पुसला. मोडलेल्या हाताखाली पदराची घडी सारली, तो हात नीट छातीवर ठेवला. हे सगळं तिने एका हाताने, सावकाश केलं. तो शांत झाला. काकांनी सुस्कारा सोडला आणि चंद्राकाकीला रिक्षा बघायला सांगितली.

आईने पदर दातात धरून ती घडी पदरापासून फाडून घेतली आणि त्याच्या हाताखालीच राहू दिली. मग ती उठून उभी राहिली.

"भावजी," ती म्हणाली, "तो पडला नाय. नि मी पण कधीच पडले नव्हते, हे तुम्हाला ठाऊक हाय. आधी दवाखान्यात चला, मग पोलिसात. काय झालं ते दोन्हीकडं मी सांगते. नि तिथनं मी अनूच्या घरी जाते. हितं परत यायची नाय."